पाच नंबरचा पाय

सर्जापूर रोड, बेंगळूरु
३ फेब्रुवारी २०२५

चि. आप्पाजीस अक्काचे आशीर्वाद.

पाकिटावरचं अक्षर पाहून तू हे पत्र दोन दिवस न उघडता कपाटावर ठेवणार, हे मला इथे बसून दिसतंय. शाळेचं प्रगतिपुस्तकही तू असंच ठेवायचास. ठेव. पत्र काही नासत नाही.

काम साधं आहे. मला चपलांचा एक जोड हवा आहे. धारवाडला तू अजून हातानं जोड करतोस असं कानावर आलं, म्हणून लिहिते. बेंगळूरात चपलांना तोटा नाही, पण माझ्या पायात एक शिरत नाही. मागच्या आठवड्यात मैत्रेयी मला मॉलमध्ये घेऊन गेली. मैत्रेयी म्हणजे माझ्या विराटची बायको, पुण्याची; लग्नाला तू आला नव्हतास. दुकानातल्या पोरीनं विचारलं, साइझ? मी म्हटलं, पाच. ती माझ्या पायाकडे बघून गालातल्या गालात हसली आणि सातचा जोड घेऊन आली. मला राग आला आणि हसूही आलं. तिच्या आईच्या चपला माझ्या पायावरून पास होऊन गेल्या असतील, हे तिला कोण सांगणार? बत्तीस वर्षं त्या चपलांच्या कंपनीत पाच नंबर म्हणजे सोयराबाईचा पाय. प्रत्येक नवा नमुना आधी मी घालायचा, तीन दिवस चालायचं आणि चिठ्ठी लिहायची. अंगठ्याशी दाबतं. टाच निसटते. किंवा नुसतं, सरी, म्हणजे ठीक. मी सरी लिहिलं की हजारो जोड शिवायला जायचे. पुढे तू जयनगरात स्वतःचं वर्कशॉप काढलंस, तेव्हाही तोच पाय आणि तीच चिठ्ठी.

तो पाय आता पाचचा राहिला नाही. उंचीला मी आखडलेय, स्वयंपाकघरातला वरचा कप्पा मी कधीच सोडून दिला. पाय मात्र पसरलेत. तळव्याची कमान बसली. अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर आलंय आणि बोटं आत मुडपलीत. टाचेखाली जी गादी असते ती झिजून गेली. ज्या पायावरून तू चपलांचे लाकडी फर्मे घासून घ्यायचास तो हाच, हे तुला सांगूनही पटणार नाही.

दुपारी जेवून पडलं की डोळा लागतो. अकराव्या मजल्यावर वारा फार, पडदा सारखा हलत असतो. मग मी कॉटनपेटेतल्या आपल्या घरात असते, त्या तांबड्या जमिनीवर अनवाणी. तळव्यांना गारवा लागतो. देवघरापाशी जमिनीला बारीक चीर होती बघ, ती टाचेला कळते. कोणी बोलत नाही, मी नुसती या खोलीतून त्या खोलीत जात असते. जाग आल्यावर पलंगावरून पाय खाली सोडते, तर खाली कोणीतरी कापूस पसरून ठेवल्यासारखं वाटतं. फरशी कुठे आहे ते डोळ्यांनी बघून पाय टेकावा लागतो. वयानं होतं असं.

जुनं काही उकरायला मी लिहीत नाही. नऊ वर्षं झाली, नऊ भाऊबिजा गेल्या. जे नुकसान झालं ते तुझ्या कारागिराच्या, देवाप्पाच्या हातानं झालं. त्यापायी तू मला जे बोललास ते मी विसरले, तूही विसर. माप वेगळं पाठवत नाही. माझं जुनं माप तुझ्याकडे असेलच, त्यात दोन नंबर वाढव म्हणजे झालं.

तुझी अक्का


१४ फेब्रुवारी

आप्पा,

अकरा दिवस झाले, उत्तर नाही. ताकाला जाऊन मी भांडं लपवलं, मग तू ताक का वाढशील?

खरं असं आहे. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी मी सकाळी खाली बागेत तासभर फिरून आले. दारात चपला काढल्या आणि आत आले. मैत्रेयी घरूनच काम करत होती. तिनं मान वर केली आणि लॅपटॉप बाजूला ठेवून उठलीच.

"आई, हलू नका. आहात तिथंच थांबा, प्लीज."

मला वाटलं पाल असेल. मागे वळून पाहिलं. आमची फरशी पांढरी आहे. दारापासून माझ्यापर्यंत लाल पावलं उमटली होती, लक्ष्मीची काढतात तशी, पण एकाच पायाची. चपलेतून खिळा वर आला होता आणि मी त्याच्यावर तासभर चालले होते. मी त्या पावलांकडे बघत राहिले. छान उमटली होती, पाचही बोटं वेगळी. ती माझी आहेत हे मैत्रेयीनं मला खुर्चीत बसवून पाय वर धरला तेव्हा मला पटलं. मला दुखत नव्हतं रे.

जखम भरली आहे, काळजी करू नकोस. करत असशील तर. साखर थोडी आहे, डॉक्टर म्हणाले, पण बरंचसं वयानंच. पायाच्या नसा लांब असतात, त्या आधी दमतात. मग त्यांच्याकडच्या सौम्या नावाच्या मुलीनं माझी परीक्षा घेतली. तिच्याकडे एक नायलॉनचा धागा होता, मासे पकडायच्या गळाला असतो तसा. म्हणाली, "अज्जी, डोळे मिटा. तळव्याला धागा लागला की हो म्हणा." मी डोळे मिटले. खोली गार होती, कुठेतरी पंखा कुरकुरत होता. मला फार बरं वाटलं, आप्पा. कितीतरी वर्षांनी कोणीतरी माझ्या पायाला विचारत होतं, सांगा, कसं वाटतं? मी दहा वेळा हो म्हटलं. अगदी शांतपणे, मी चिठ्ठी लिहायचे तशा भरवशानं.

डोळे उघडले तर सौम्या माझ्याकडे बघत नव्हती, कागदाकडे बघत होती. मैत्रेयीनं मला खाली लिफ्टपाशी आल्यावर सांगितलं. "आई, तिनं चारच वेळा टच केलं. बाकी वेळी ती नुसती बसून होती."

मान सांगावा जना आणि अपमान सांगावा मना म्हणतात, पण माझ्या मनाला तो आधीच ठाऊक होता. न कळता सरी म्हणायची सवय मला कधी लागली ते मी तुला सांगेन. आज हात चालत नाही.

अक्का


२ मार्च, रविवार

आप्पा,

या पत्रासोबत एक पुडकं आहे. ते आधी उघडू नकोस. आधी वाच.

तुला पहिला दाणा आठवतो? कंपनीत तू नवीन होतास, तेवीस-चोवीस वर्षांचा. मस्करी म्हणून तू नमुन्याच्या अस्तराखाली मोहरीचा एक दाणा चिकटवलास. मी दोन पावलं टाकली आणि म्हटलं, डावा पाय, करंगळीच्या मुळाशी, मोहरी आहे. सगळं खातं उठून बघायला आलं होतं. तेव्हापासून तुझा नेम झाला, नमुना देण्याआधी दाणा. कधी मोहरी, कधी धणा, कधी हरभऱ्याची डाळ. पाय जागा आहे का बघतो, म्हणायचास. मी सांगितलं की तू अस्तर उचलायचास, दाणा काढून तोंडात टाकायचास आणि मग खरा जोड पुढे करायचास. वर्कशॉपमध्येही तुझी शिस्त तीच. अक्काच्या पायानं पास केलेल्या जोडाला पुन्हा कोणी हात लावून तपासायचं नाही.

साठीच्या सुमाराला मी म्हटलं, आप्पा, आता हा पोरखेळ पुरे. लोक हसतात. तू बंद केलास. लोक हसत नव्हते. त्याआधीचे तीन दाणे मला लागले नव्हते. मी तुझ्या तोंडाकडे बघून उत्तर दिलं होतं. दाणा ज्या पायात असायचा त्या पायाकडे तुझी नजर जायची, तुझ्या चेहऱ्यावर काही लपत नाही. जागा मी अंदाजानं सांगायची आणि चुकले तर म्हणायची, आज मोजे जाड आहेत.

तेव्हाच सांगितलं असतं तर काय झालं असतं? काही नाही. तू दुसरी कोणी पाच नंबरची बाई पाहिली असतीस. पण विराटचे वडील जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि रोज सकाळी वर्कशॉपची पायरी चढताना देवाप्पा उठून उभा राहायचा, "बन्नी अक्का", या अक्का, म्हणायचा, ते मला हवं होतं. माझ्यापाशी दाखवण्यासारखं दुसरं काय होतं? शिक्षण नाही, रूप नाही. एक पाय होता.

मग त्या शाळेचं काम आलं. शिक्षिका आणि आया मिळून दोनशे जोड, दिवसभर उभं राहणाऱ्या बायकांसाठी. नमुना मी तीन दिवस घातला. पायाखाली कापूस होता. मी सरी लिहिलं.

पंधरा दिवसांत चपला परत येऊ लागल्या. पंज्याखाली अस्तराची शिवण वर आली होती. बायकांच्या तळव्यांना फोड आले, एक आया महिनाभर कामावर जाऊ शकली नाही. तू सगळ्यांसमोर मला विचारलंस, "अक्का, एकदा दाणा लावून बघू?" किती हळू विचारलंस तू. मी पायातली चप्पल काढून भिरकावली. आईची शपथ घेतली. म्हटलं, नमुना चांगला होता, पुढचा माल देवाप्पानं बिघडवला, म्हाताऱ्याचा हात आता थरथरतो. तू म्हणालास, नमुन्याचा जोड दाखव. मी म्हटलं, कामवालीला देऊन टाकला. त्यावर तू काय म्हणालास ते इथे पुन्हा लिहीत नाही. मी पायरी उतरले ती पुन्हा चढले नाही. देवाप्पाला तू काढलंस. सहा महिन्यांनी वर्कशॉपही गेलं.

जोड मी कोणाला दिला नव्हता. तो पुडक्यात आहे. नऊ वर्षं माझ्या ट्रंकेत, पैठणीच्या खाली. आता उघड आणि अस्तरावरून बोट फिरव. उजवी चप्पल, पंज्याखाली. शिवण आंधळ्यालाही लागेल अशी आहे. मी काल पुन्हा बोट फिरवून पाहिलं. हाताला कळतं, पायाला कळत नाही. मालात दोष होता तोच नमुन्यात होता, आणि तो माझ्या पायाखालून गेला. देवाप्पाचा हात थरथरला नव्हता. मी खोटं बोलले. तू खरा होतास, आप्पा.

हे तुला लिहिण्याआधी त्याला सांगायला हवं होतं, म्हणून काल मैत्रेयीबरोबर जयनगरला गेले. इथून दोन तास लागले. गाडीतून उतरले तर फुटपाथभर ती पिवळी फुलं पडलेली, ज्यांचं नाव मला अजून नीट घेता येत नाही. वर पान नाही, नुसतं पिवळं झाड आणि खाली तेवढंच पिवळं. मी त्यातून चालत होते आणि पायाला काही कळत नव्हतं, ना फूल ना दगड. मला कोणी उचलून नेत असल्यासारखं वाटत होतं. मैत्रेयीनं दंड धरला होता म्हणून जमिनीवर राहिले.

देवाप्पा कॉम्प्लेक्सच्या मागच्या बाजूला बसतो, मोठी छत्री लावून. बॅगांच्या चेन, बुटांचे तळ. चष्मा जाड झालाय. मला पाहून उठला. आप्पा, तो अजून उठतो. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, कानडीत, तुटक तुटक, जाणारे येणारे ऐकत होते तरी. तो एका सॅंडलला दोरा ओवत होता. ओवून झाल्यावर म्हणाला, "गोत्तित्तु, अक्का."

माहीत होतं.

"नमुना मीच शिवला होता, मालही मीच. दोन्हीकडे शिवण तीच. मला नाही तर कोणाला कळणार?" म्हणाला. "आप्पाअण्णांना एकदा सांगितलं. ते म्हणाले, अक्कानं आईची शपथ घेतलीय. मग मी गप्प बसलो. वीस वर्षं तुमच्या पायावर माझं घर चाललं. त्या पायाला चारचौघांत खोटं कसं म्हणायचं?"

माफ केलं असं तो म्हणाला नाही. "स्वल्प चहा घ्या" म्हणाला. आम्ही घेतला. मग त्यानं एक जाड कागद जमिनीवर पसरला आणि मला त्यावर उभं केलं. मी स्टुलावर बसायला गेले तर म्हणाला, "बसून नको. म्हातारा पाय बसला की लहान दिसतो." तो गुडघ्यावर बसला, पेन्सिल सरळ धरून पायाभोवती फिरवली. दोन्ही पाय वेगवेगळे काढले. पेन्सिल कुठे लागते ते मला कळत नव्हतं, मी त्याच्या टकलाकडे बघत होते. मी तुला दोन नंबर वाढव असं लिहिल्याचं त्याला सांगितलं तर तो हसला. दोन नंबर वाढवले तर चप्पल लांब होईल, पाय रुंद झालाय. बोटांना वरून जागा हवी, टाच अरुंदच हवी, आणि आत कुठेही शिवण नको. सगळा जन्म मी चपलांत घालवला आणि हे मला त्यानं सांगावं लागलं.

कागद सोबत आहे. तुझ्या जुन्या मापावर ठेवून बघ. आतला पाय माझा आणि बाहेरचाही माझाच. जोड केला नाहीस तरी चालेल. पण देवाप्पाला एक फोन कर. नंबर कागदाच्या मागे त्यानंच लिहिलाय.

अक्का


१७ मार्च

आप्पा,

तुझं कार्ड पोचलं. नऊ वर्षांनंतर एक ओळ, आणि तीही अशी: "माप सकाळचं की संध्याकाळचं?" सुंभ जळला तरी पीळ जात नाही. मी ते कार्ड दिवसभर ओच्यात घेऊन फिरत होते. मैत्रेयीला वाचून दाखवलं तर म्हणाली, "एवढंच? सो रूड." तिला मी सांगितलं, आमच्यात यापेक्षा प्रेमाचं काही विचारत नाहीत.

माप दुपारचं होतं, साडेबाराचं. तुझं बरोबर आहे, ते धरू नकोस. मी आता पायांवर लक्ष ठेवते. सौम्यानं एक आरसा दिलाय, लांब दांड्याचा, रोज संध्याकाळी तळवे बघायचे आणि लाल दिसलं तर लगेच सांगायचं. ज्यांच्याकडे बत्तीस वर्षं मी आतून बघत होते त्यांच्याकडे आता बाहेरून बघते, शेजाऱ्याच्या घराकडे बघावं तसं. सकाळी ते लहान असतात, घडी घातल्यासारखे. दहा-अकराला सैल होतात. चारनंतर फुगतात आणि घोट्यावर मोज्याची खूण उमटते. दिवसभर माझ्याबरोबर हिंडून ते मोठे होतात आणि झोपेत परत लहान होतात. स्वप्नात मात्र ते पाच नंबरचेच असतात. परवा दुपारी त्यांना मोहरी लागली. डावा पाय, करंगळीच्या मुळाशी. मी तुला हाक मारली आणि जाग आली.

आज पाच वाजता मैत्रेयीनं माप काढलं. मी उभीच होते. तिनं लॅपटॉपच्या खोक्याचा पुठ्ठा वापरलाय, हसू नकोस. डावा पाय मोठा आहे, जोड डाव्यावरून कर. पेन्सिल फिरवताना ती मला विचारत होती, "आई, आता कळतंय? आता?" मी दोनदा हो म्हणणार होते. जीभ चावली आणि नाही म्हटलं. सवय मोडायला वेळ लागतो.

देवाप्पाला फोन केलास का ते लिहिलं नाहीस.

अक्का


६ एप्रिल, रामनवमी

आप्पा,

खाली सोसायटीत गुळाचं पानक आणि मूगडाळीची कोसंबरी वाटतायत, माइकवर कोणी गातंय. वर ऐकू येतं ते अर्धं वाऱ्यातून गळलेलं. मी खिडकीशी बसून हे लिहितेय. चपला पायात आहेत.

खोकं गुरुवारी आलं. झाकण उघडल्यावर तो वास आला, नव्या चामड्याचा आणि खळीचा, आणि मी थोडा वेळ झाकण लावून ठेवलं. मग बाहेर काढल्या. साध्या तपकिरी. पुढे ऐसपैस, वरून पट्टा सैल करता येतो, टाच धरून ठेवते. आतून बोट फिरवलं, कुठेही शिवण नाही. बाहेरची शिवण मात्र मी ओळखते. तू टाके लांब घेतोस, आप्पा, लहानपणापासून तुला घाई. हे टाके देवाप्पाचे आहेत. मग मी खोक्यावरचा कागद पाहिला. पाठवल्याचं ठिकाण धारवाड नाही, जयनगर आहे.

म्हणजे तू इथे आहेस. किती दिवस ते ठाऊक नाही. त्या छत्रीखाली देवाप्पाच्या शेजारी बसून तू चामडं कापलंस आणि त्यानं शिवलं, आणि दोघांपैकी एकानंही मला कळवलं नाही. मला रडू आलं. मैत्रेयी धावत आली, तिला वाटलं पायाला काही झालं.

तुझी चिठ्ठी डाव्या चपलेत होती. त्याच आकाराची, तशीच फाडलेली. "तीन दिवस चालून सांग. दाणा आहे का?"

मैत्रेयीनं ती वाचली आणि कपाळाला हात लावला. "आई, ही काय गंमत आहे? तुमच्या पायाला सेन्सेशन नाही हे त्यांना माहितीये ना? आत्ता अस्तर काढून बघू." तिनं नखानं कड उचलायलाही घेतली. मी तिचा हात धरला. म्हटलं, राहू दे गं. नऊ वर्षांपूर्वी हेच विचारलं होतं त्यानं. तेव्हा मी चप्पल भिरकावली होती. तिनं अस्तराची कड परत दाबून बसवली आणि म्हणाली, "ओके. पण रोज चार वेळा मी तळवे बघणार." आणि बघितले. पहिल्या दिवशी घरातच चालले, या खोलीतून त्या खोलीत. दुसऱ्या दिवशी खाली बागेत. काल लिफ्टनं उतरून फाटकापर्यंत, तिथल्या रिक्षावाल्यांपर्यंत आणि परत. चालताना मी पायांना विचारत होते, सांगा रे. बत्तीस वर्षं सगळं सांगत होतात, आता एक शब्द बोला. ते कापसावरून चालत राहिले. वाईट वाटलं, आणि त्यांची दयाही आली. त्यांनी काही खोटं केलं नव्हतं. ते फक्त गप्प झाले होते, त्यांच्या नावानं बोलत होते ती मी.

तिन्ही दिवस आरशात कुठेही लाल दिसलं नाही. फोड नाही, खूण नाही. म्हणजे दाणा नसणार. मी खिळ्यावर चालले होते हे वाचल्यावर तू माझ्या पायाखाली मोहरीसुद्धा ठेवणार नाहीस, एवढं मी तुला ओळखते. तेव्हा आज चिठ्ठीवर 'नाही' असं लिहिलं तर ते बहुतेक बरोबरच येईल. कालपासून तो शब्द माझ्या हाताशी येऊन बसलाय. पण ते उत्तर आरशाचं झालं, आणि थोडं तुझ्या चेहऱ्याचं, जो मला इथून न बघताही दिसतो. पायाचं ते नाही. तू पायाला विचारलं आहेस.

म्हणून चिठ्ठीवर मी दोनच शब्द लिहिलेत. मैत्रेयी गाडी काढून जयनगरला निघालीय, ती हे पत्र आणि चिठ्ठी छत्रीपाशी आणून देईल. चिठ्ठी देवाप्पालाही दाखव, तो वाट बघत असेल.

"माहीत नाही."

चपला परत पाठवत नाही, त्या पायातच राहतील. अस्तर तूच येऊन उचल. मैत्रेयीच्याच गाडीत बसून ये, देवाप्पालाही घेऊन ये, घाईनं नको. पोचेपर्यंत चार वाजून जातील. पाय तेव्हा असतो तेवढा दिसतो.

तुझी अक्का